काय मारू आता?

नमस्कार श्रोतेहो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी माझं कृषी केंद्र आहे, २२ वर्षं झाली. पराटी, म्हणजे कपाशी, पात्यावर (कळ्यांवर) आली की दुकानात दिवसभर एकच प्रश्न. माणूस खिशातून चुरगळलेलं पान काढून काउंटरवर ठेवतो, 'भाऊ, काय मारू आता?' भाव विचारत नाही, कंपनी विचारत नाही. कापूस निघेपर्यंतची उधारी असते ना! उधारीवाल्याला भाव विचारायची लाज वाटते. ती लाज दुकानदाराला किती पावते, ते आमचं आम्हाला ठाऊक.

मीही एकाच्या जागी दोन बाटल्या द्यायचो, वर टॉनिक. इतके बॉक्स उचला की परदेशात सहल, अशी एका कंपनीची स्कीम होती. जाऊन आलो. तिथं काय पाहिलं, विचाराल तर आता सांगता यायचं नाही.

मग २०१७ चा हंगाम आला. फवारताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. पराटी डोक्याएवढी, हवा दमट, तोंडाला साधा रुमाल नाही आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र. आपल्या दुकानातलं त्यात काही नव्हतं, एवढी खात्री करून घ्यावी म्हणून मी रात्री बिलबुकं काढून बसलो. अर्ध्या मालाची बिलंच फाडलेली नव्हती.

सेवाग्राम इथून फार लांब नाही. मालक हा फक्त विश्वस्त, हे गांधीजींचं म्हणणं मी शाळेत पाठ केलं होतं. दोन मार्कांना होतं.

आता मी आधी विचारतो, 'कामगंध सापळे लावले का?' म्हणजे मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग ओढून घेणारे सापळे. एकरी दोन पुरतात. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले, तर बोंडअळीची फवारणी. डब्यावरचा त्रिकोण दाखवतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पक्कं बिल देतो. गल्ला उतरला, खोटं कशाला बोलू? शेजारचा दुकानदार म्हणतो, 'दुकान चालवता का शाळा, बाप्पा?'

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक म्हातारबुवा सापळाच हातात घेऊन आले. काउंटरवर उपडा केला, बोटानं पतंग मोजले. 'तीनच हायेत जी. मंग?'

म्हटलं, काही मारू नका.

सुतळीचा एक गुंडा घेतला आणि गेले.