ट्युनिशिया : बायकांचा कायदा, एका माणसाची सही

हा ट्युनिशिया. एका बाजूला अल्जेरिया, दुसऱ्या बाजूला लिबिया, समोर भूमध्य समुद्र. २० मार्च १९५६ रोजी देश फ्रान्सच्या ताब्यातून मोकळा झाला. राज्यघटना यायला पुढे तीन वर्षं लागली. पण स्वातंत्र्याला पाच महिने होण्याआधीच, १३ ऑगस्ट १९५६ रोजी, कुटुंबाचा कायदा जाहीर झालासुद्धा.

कलम १८ : एक बायको असताना दुसरी करता येणार नाही. केली तर वर्षाची कैद किंवा दंड, नाहीतर दोन्ही. कलम ३० तर एका ओळीचं आहे : घटस्फोट न्यायालयातच होईल. नवऱ्याने तोंडाने तलाक म्हणायचं आणि बाईने बोचकं बांधून माहेरची वाट धरायची, हे त्या एका ओळीने संपलं. आता दोघांनी न्यायाधीशापुढे उभं राहायचं. त्याने आधी समेट घडवून पाहायचा, मगच निकाल. अर्ज बायकोही करू शकते. लग्नालाही तिची संमती हवी.

याला दहा वर्षं होत आली तेव्हा, १८ एप्रिल १९६६ रोजी, हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला. मागणी हीच होती. तोंडी तलाक थांबवा, बहुपत्नीत्व थांबवा. त्या सात जणी काय मागत होत्या ते समजून घ्यायचं, तर ट्युनिशियाकडे जरूर पाहावं.

या कायद्याची मुळं मशिदीतच आहेत. ट्युनिस शहरातल्या झैतुना मशिदीच्या विद्यापीठात शिकलेल्या ताहर हद्दाद या तरुणाने १९३० मध्ये स्त्रिया, शरियत आणि समाज यांवर पुस्तक लिहिलं. बाईला मोकळं करत नेणं हीच इस्लामची दिशा आहे, असं तो सांगत होता. झैतुनाचेच पंडित त्याच्यावर तुटून पडले. १९३५ मध्ये तो गेला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी त्याने मांडलेलं बरंच काही १९५६ च्या कायद्यात आलं. ते पाहायला तो हवा होता.

कायदा आणला हबीब बुर्गिबा यांनी. तेव्हा ते पंतप्रधान होते. कायदा फर्मानाने आला. निवडणुकीत कुणी त्यावर कौल मागितला नव्हता. पुढे बुर्गिबा राष्ट्राध्यक्ष झाले, १९७५ मध्ये तहहयात राष्ट्राध्यक्ष. १९८७ मध्ये त्यांना हटवून बेन अली आले. दोघांनीही जगासमोर हा कायदा मिरवला आणि घरी विरोधकांना तुरुंगात टाकलं. १९८१ च्या परिपत्रकाने तर शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत डोक्यावर हिजाब घ्यायलाच बंदी केली. बाईला नवऱ्याला न्यायालयात खेचता येत होतं, सरकारला जाब विचारता येत नव्हता. ही सुधारणा मोठी होती, यात शंका नाही. पण ती अर्धीच होती, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं.

१७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझीद गावात फळविक्रेत्या मोहम्मद बुअझिझीने स्वतःला पेटवून घेतलं. त्यातून देशभर उठाव पेटला आणि १४ जानेवारी २०११ ला बेन अली देश सोडून पळाले. घटना समितीच्या निवडणुकीसाठी नियम झाला : पक्षाच्या यादीत एक पुरुष, एक बाई, पुन्हा पुरुष, पुन्हा बाई. गंमत नव्हे, खरी गोष्ट : निवडून आलेल्या बायकांपैकी बहुतेक जणी एन्नहदा या इस्लामी पक्षाच्या होत्या.

२०१२ मध्ये घटनेच्या मसुद्यात बाईला कुटुंबात पुरुषाची पूरक म्हटलं गेलं. १३ ऑगस्टला हजारो बायका-पुरुष ट्युनिसच्या रस्त्यावर आले. मसुदा बदलावा लागला. जानेवारी २०१४ च्या घटनेत स्त्री-पुरुष नागरिकांचे हक्क आणि कर्तव्यं समान ठरली. आमच्या दृष्टीने, सहीने मिळालेला कायदा लोकांचा झाला तो या रस्त्यावर.

२०१७ मध्ये स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धचा कायदा संमत झाला. एक प्रश्न मात्र तसाच राहिला : वारसा. वडिलांच्या मागे एक मुलगा, एक मुलगी असेल, तर मालमत्तेचे तीन वाटे पडतात. दोन त्याचे, एक तिचा. शेतात ती भावाइतकीच राबली असेल, आईवडिलांचं म्हातारपण तिनेच काढलं असेल, तरी वाटा एकच. १९५९ च्या दुरुस्तीने एवढं झालं, की नुसत्या मुलीच असतील तर उरलेली मालमत्ता काकांकडे न जाता त्यांनाच मिळते. राष्ट्राध्यक्ष बेजी काइद एसेब्सी यांनी २०१८ मध्ये समान वाट्याचा प्रस्ताव मांडला. २०१९ मध्ये ते वारले आणि प्रस्ताव संसदेत अडकून राहिला.

त्यांच्यानंतर निवडून आलेल्या कैस सईद यांचा समान वारशाला विरोध आहे. जुलै २०२१ मध्ये त्यांनी संसदच स्थगित केली. त्याच वर्षी नजला बूदेन देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, पण सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षांच्याच हाती होती. २०२२ मध्ये यादीतला एकाआड एक हा नियम गेला, आणि नव्या संसदेत बायका बऱ्याच कमी झाल्या. १९५६ चा कायदा आजही लागू आहे. वारशाचे वाटे आजही दोनास एकच पडतात.