तक्रारीसकट शिफारस

नमस्कार. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'नुकत्याच वाचलेल्या सहा कादंबऱ्या' असं छापलंय, आणि वेळ पाऊण तास. त्यातली बरीच मिनिटं समई पेटवण्यात गेली, कारण पंखा बंद करायला कोणी तयार नव्हतं. बडोद्याच्या मे महिन्यात मीही झाले नसते. तेव्हा सहा होतात की नाही हे आता कार्यवाहांच्या हातात आहे. त्यांनी टेबलावरचं घड्याळ माझ्याकडे तोंड करून ठेवलंय, ते मला दिसतंय.

कादंबऱ्यांकडे येतेच. आधी एक जुनं दुखणं सांगून टाकते.

मागे एका कादंबरीचं नाव चहूकडून कानावर यायला लागलं. नाव सांगणार नाही. लेखक हयात आहेत आणि पुढची लिहितायत. पुण्याहून मावसबहिणीचा फोन, 'सगळं सोड आणि ही वाच.' आमच्या ग्रुपवर एकांनी मुखपृष्ठाचा फोटो टाकला, वर 'अप्रतिम', त्याखाली पाच जणांचे जोडलेले हात. तिसऱ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी तर 'तुम्ही अजून वाचली नाही?' असं विचारलं, ते अशा सुरात की मला घरी येऊन आधी आरशात बघावंसं वाटलं. मागवली. पाचशेच्या वर पानं. नेटाने दीडशेपर्यंत गेले. तिथे नायक खिडकीपाशी उभा होता. पावणेदोनशेलाही तिथेच उभा. मला वाटलं, आपलंच डोकं चालेनासं झालं असेल, वय झालं. पुढे एका लग्नात शिफारस करणारी ही तिन्ही माणसं एका पंक्तीत सापडली. मी बहिणीला विचारलं, 'तो खिडकीपासून हलतो कधी गं?' ती म्हणाली, 'कोण?'

तिने परीक्षण वाचलं होतं. फोटोवाले प्रकाशन समारंभाला हजर होते. आणि ज्येष्ठांनी पुस्तक विकत घेऊन जावयाला भेट दिलं होतं. तिघांची मिळून वाचलेली पानं माझ्या एकटीपेक्षा कमी भरली.

हसू नका, आपण सगळेच हे करतो. २०१८ मध्ये ९१वं साहित्य संमेलन आपल्या गावात झालं, तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांपुढे मी उभी होते. पिशव्या भरून लोक निघत होते आणि बहुतेक पिशव्यांतून 'मृत्युंजय' आणि 'स्वामी' डोकावत होत्या. घरात एकेक प्रत असताना. मला या दोन्ही कादंबऱ्यांबद्दल आदर आहे, पण एक १९६७ची आणि दुसरी १९६२ची. मधल्या काळात मराठीत लोक लिहीत होते हो! पण नवीन घ्यायची तर कोणाच्या भरवशावर घ्यायची? 'अप्रतिम'च्या?

आता माईंबद्दल. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी पाणी पिऊन यायला हरकत नाही.

माई दांडिया बाजारात आमच्या वाड्यात समोर राहायच्या. शिक्षण चौथी. वाचन अफाट. सकाळचा स्वयंपाक आटोपला की पदर खोचून वाचनालयात, आणि रोज नवीन कादंबरी घेऊन परत. त्यांना एक खोड होती. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने दोन ओळी लिहायच्या. अक्षर बारीक, गोल, आणि खाली सही नाही. पण अख्ख्या वाचनालयाला ठाऊक होतं की हे कोण.

मला आठवतात त्या सांगते. एका जाड कौटुंबिक कादंबरीवर: 'साठ पानांपर्यंत कोण कोणाचा ते कळत नाही. कागदावर नावं लिहून घ्यावीत. मग बरी आहे.' दुसरीवर: 'ही तीनशे पानं सोसते. मला राग तिचा नाही, लिहिणाऱ्याचा आला.' एकीवर नुसतं: 'तापात वाचू नये.' एकीवर: 'शेवट उरकला आहे. छापखान्याने घाई केली असावी.' 'स्वामी'वर: 'शेवट ठाऊक असून रडले. बोलतात मात्र सगळे नाटकातल्यासारखं.' 'कोसला'वर: 'मुलगा काही म्हणजे काही करत नाही. तरी ठेववत नाही. मनी जाते तिथे पुस्तक मिटून गच्चीवर गेले.' आणि माझी सगळ्यात आवडती, एका तेव्हाच्या फार गाजलेल्या प्रेमकथेवर: 'ह्यांना आवडली. म्हणजे बघा.'

वाचनालयात पाटी होती, पुस्तकांवर लिहिल्यास दंड. ग्रंथपालांनी माईंना पकडलं. माईंनी दंड भरला, त्याच आठवड्यात पुन्हा लिहिलं, पुन्हा दंड भरला. मग गंमत अशी झाली की त्या ओळींखाली दुसऱ्या हातांनी उत्तरं यायला लागली. 'सोसते असं नाही, शेवटी एकच वाक्य बोलते ते पुरेसं आहे.' त्याखाली माई: 'एका वाक्यासाठी तीनशे पानं? आमच्याकडे या, रोज ऐकवते.' एकदा तर दोन पुरुषांनी एका ऐतिहासिक कादंबरीच्या मागे लढाईची तारीख बरोबर की चूक यावर पान भरून टाकलं, आणि माईंनी तळाला लिहिलं, 'दोघांनी बाहेर जाऊन भांडावं. जागा संपली.'

ग्रंथपाल कडक होते, पण डोळस. त्यांच्या लक्षात आलं की माईंनी ज्या पुस्तकांत तक्रार लिहिली ती पुस्तकं जास्त बाहेर जातात. ज्यांवर माईंनी नुसतं 'छान' लिहिलं, ती कपाटातच. शेवटी त्यांनी तारखेच्या चिठ्ठीशेजारी एक कोरी चिठ्ठी डकवायला सुरुवात केली. वरती शिक्का: 'अभिप्राय येथेच लिहावा.' दंड बंद. माई म्हणाल्या, 'आता मजा गेली.'

माझा जो लाडका सिद्धांत आहे, ज्याच्यासाठी खरं तर मी उभी आहे, तो या चिठ्ठ्यांतून आला. कादंबरीची शिफारस करायची तर तिच्याविषयीच्या तक्रारीसकट करावी. कौतुक सगळ्या पुस्तकांचं एकसारखंच असतं. 'खिळवून ठेवते, अंतर्मुख करते, भाषा प्रवाही.' ही तीन विधानं ज्ञानेश्वरीपासून रहस्यकथेपर्यंत कशालाही चालतात. तक्रार मात्र त्याच पुस्तकाची असते. ती करायला पुस्तक वाचावं लागतं, हा पहिला फायदा. मावसबहीण तिथेच गळते. दुसरा फायदा मोठा. तक्रार ऐकून ऐकणाऱ्याला स्वतःचं ठरवता येतं. माईंना निसर्गवर्णनाचं वावडं. 'झाडं फार' असं त्यांनी लिहिलं की ते पुस्तक मी त्याच संध्याकाळी घरी आणत असे, कारण मला झाडं हवीच असायची. त्यांच्या नावडीवर माझी आवड पोसली गेली. 'अप्रतिम'वर कोणाचं काय पोसणार?

आपल्याकडे पुस्तकावर बोलणं म्हणजे सत्कार करणं असं होऊन बसलंय. शाल, श्रीफळ, 'मैलाचा दगड'. तक्रार केली की लेखकाचे मेहुणे रागावतात. मराठी माणसं बडोद्यात मोजकी, सगळी एकमेकांच्या नात्यातली, त्यामुळे मेहुणे जास्त. (हशा)

इथे सयाजीराव महाराजांचं नाव घेतल्याशिवाय बडोद्यातलं भाषण पुरं होत नाही, तो नियम मी पाळते. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली ती काचेची जमीन तुम्ही पाहिली असेल. वरच्या मजल्याचा उजेड खालच्या कपाटांवर पडावा म्हणून. लहानपणी मी तिच्यावर पाय टाकायला घाबरायचे. पण मला जास्त कौतुक त्या फिरत्या पेट्यांचं. पुस्तकं भरलेली लाकडी पेटी एका गावाहून दुसऱ्या गावाला जायची. मात्र पेटी भरणाऱ्याला गाव दिसत नव्हतं. दोनशे माणसांच्या ग्रुपवर आपण एकच नाव टाकतो तेव्हा आपलीही तीच गत. त्यात कोणाची आई आजारी असते, कोणाला रात्री दहानंतरच पुस्तक उघडता येतं, कोणाला बोलीभाषा झेपत नाही. शिफारस माणसाला करावी, ग्रुपला नव्हे. माई तर बाळंतिणीला काय द्यायचं नाही याचीही यादी ठेवायच्या.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' बघा, चिठ्ठीवरही अभिप्राय नाही, नुसता हुकूम.

बरं, धावत सांगते. पहिली, कृष्णात खोत यांची 'रिंगाण', २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणापायी उठवलेली माणसं, आणि जुन्या गावात मागे राहून रानटी झालेली म्हैस. तिला शोधायला एक माणूस परत जातो, आणि माणूस मोठा की जनावर हे वाचता वाचता उलटंपालटं होतं. तक्रार अशी, की कोल्हापूरकडची बोली आपल्या बडोदेकर कानाला सुरुवातीला दाद देत नाही. वीसेक पानं मोठ्याने वाचा, मग कान लागतो. शेव-उसळ खात, एक डोळा फोनवर ठेवून वाचायची ही कादंबरी नाही. धरणग्रस्तांचाच विषय पण कागदपत्रं, कचेऱ्या, मोर्चे यांच्या अंगाने हवा असेल तर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आधी घ्या. १९९१ची आहे, अजून शिळी नाही.

दुसरी, मनोज बोरगावकरांची 'नदीष्ट'. नांदेडजवळची गोदावरी, तिच्यात रोज पोहणारा निवेदक आणि काठावर भेटणारी माणसं; त्यातली सगुणा ही तृतीयपंथी तर विसरता येत नाही. लहान आहे, दोन बैठकींत होते. तक्रार: काठावरचा जो तो जरा जास्तच शहाणं बोलतो. एखादा तरी चिडका कोळी हवा होता. तरीही विश्वामित्रीकाठी राहणाऱ्यांनी वाचावी. आपण नदीकडे बघतो ते मगर आली की नाहीतर पूर आला की.

तिसरी, नंदा खरे यांची 'उद्या'. पेशाने स्थापत्य अभियंता असलेला हा लेखक; या कादंबरीला अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. फार लांबचा नाही असा उद्याचा काळ, माणसाच्या प्रत्येक हालचालीवर नजर, आणि कंपन्यांच्या मुठीत गेलेलं राज्य. तक्रार: माहिती इतकी की मधूनच वर्गात बसल्यासारखं वाटतं. मी शिक्षिका होते, मला चाललं. तुमच्या नातवाला द्या, तो सांगेल यातलं काय आत्ताच घडतंय.

चौथी, रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत'. एका मराठा घराण्याच्या मागच्या सातशे वर्षांची कथा. तक्रार वजनाची. शब्दशः वजनाची, झोपून वाचाल तर छाती दुखेल. आणि मध्ये काही ठिकाणी पूर्वज संपतच नाहीत. पण घरात वंशावळीची गुंडाळी जपून ठेवणाऱ्या आपल्या लोकांनी, गायकवाडांबरोबर कोण कुठून आलं यावर भांडणाऱ्यांनी, ही जरूर वाचावी. शुद्ध रक्ताचा अभिमान थोडा सैल होतो.

पाचवी गुजराती आहे. इथे कोणीतरी नाक मुरडलं, मी पाहिलं. भाजीवाल्या बेनशी दोन रुपयांसाठी पंधरा मिनिटं गुजरातीत घासाघीस करता, दिवाळीला चोपडा गुजरातीत लिहिता, मग कादंबरी वाचताना काय होतं? डोक्यावरची रेघ नसते, एवढंच. जोसेफ मॅकवान यांची 'आंगळियात', १९८६ची, पुढे तिला साहित्य अकादमी मिळाली. इथून तासाभराच्या अंतरावरचा चरोतर, तिथले विणकर दलित, आणि शेजारच्या सुखवस्तू गावांतली सत्ता. रोज ज्या रस्त्याने आणंदला जातो त्याच्या बाजूला काय होतं ते मला या वयात वाचून कळलं. तक्रार: चांगली माणसं फारच चांगली आहेत. नायक टीहाने एकदा तरी चुकायला हवं होतं. आणि चरोतरी बोली आहे, शेजारच्या पटेल वहिनींना विचारत वाचा. त्याही वाचतील, असा माझा डाव आहे. जमलं तर तिच्या जोडीला पन्नालाल पटेलांची 'मानवीनी भवाई', छप्पनियाच्या, म्हणजे विक्रम संवत १९५६च्या दुष्काळाची, आणि मराठीतून सदानंद देशमुखांची 'बारोमास' घ्या. शेतकऱ्याचं घर कसं आतून पोखरत जातं ते दोन भाषांत, दोन काळांत दिसतं. या दोघींच्या तक्रारी सांगायला वेळ नाही, म्हणजे माझ्याच नियमाने ही शिफारस कच्ची धरा.

सहावी राहिली. कार्यवाह उभे राहिलेत, म्हणजे सहावी चहाला. तिच्याबद्दल माझ्याकडे तक्रारीच जास्त आहेत, तेव्हा बिस्किटं संपायच्या आत या.

पुस्तकं मागच्या टेबलावर मांडली आहेत. घरी न्यायची तर वहीत नाव आणि फोन लिहा. प्रत्येक पुस्तकात मागे कोरी चिठ्ठी डकवली आहे, पेन्सिल बांधलेली आहे, ती तोडू नका. 'नदीष्ट'ची माझी प्रत भाषण सुरू व्हायच्या आधीच कोणीतरी नाव न लिहिता उचलली. कोणी ते मला माहीत आहे. ते पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसलेत आणि पिशवी पायांत दाबून धरली आहे.