एक जूनची सकाळ आणि पंधरा जूनची

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्रात १ जून हा असंख्य माणसांचा कागदोपत्री वाढदिवस आहे. पूर्वी मुलाला शाळेत घालताना त्याची खरी जन्मतारीख घरात कुणाला सांगता येत नसे. ‘त्या साली फार पाऊस झाला होता’ किंवा ‘थोरलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षीचा’ एवढीच माहिती मिळे, आणि गुरुजी वयाचा अंदाज बांधून शाळेच्या रजिस्टरात १ जून ही तारीख घालून मोकळे होत. गुरुजींच्या त्या एका ओळीचा हिशेब पुढे अर्ध्या शतकाने पुरा होतो. राज्य शासनाच्या बहुतेक पदांसाठी निवृत्तीचे वय ५८ वर्षे आहे, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दर वर्षी ३१ मे रोजी तहसील कचेरीपासून मंत्रालयापर्यंत शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांची एकच गर्दी उसळते. ठाणे आणि नवी मुंबई ही नोकरदारांची शहरे आहेत. आज हे भाषण ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या, किंवा त्यांच्या घरातल्या कुणाच्या तरी, टेबलाचे खण या आठवड्यात रिकामे होत असतील. मला बोलायचे आहे ते मुख्यतः त्यांच्याशी.

ही तारीख भर सुट्टीत येते, आणि मला वाटते, इथेच पहिली फसगत होते. मे महिन्याच्या अखेरीस घरात नातवंडे आलेली असतात, आमरसाच्या शेवटच्या पेट्या संपवायच्या असतात, कोकणातून कुणी परतलेले असते आणि कुणी अजून जायचे असते. सगळेच सुट्टीवर असताना आणखी एक माणूस सकाळी घरी दिसला, तर त्यात कुणालाच काही वेगळे वाटत नाही. खुद्द त्या माणसालाही वाटत नाही. तो उशिरा उठतो, दोनदा चहा घेतो, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचतो आणि आपले सगळे उत्तम चालले आहे असे फोनवर सांगतो. सरकारी नोकरीत अर्जित रजा जपून ठेवण्याची एक कला असते. ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचे निवृत्तीच्या वेळी पैसे मिळतात म्हणून माणसे लेकीच्या बारशालाही अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा घेऊन वेळ मारून नेतात. ज्याने तीस-पस्तीस वर्षे रजा वाचवली, त्याच्या हाती एके दिवशी न संपणारी रजा पडते, आणि ती कशी वापरायची याचा सराव त्याने कधी केलेलाच नसतो.

ठाणेकराच्या बाबतीत या सरावाच्या अभावाला इतिहासही आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी चौतीस किलोमीटरचे अंतर कापून ठाण्याला आली, तेव्हापासून या गावाचे घड्याळ रेल्वेला बांधलेले आहे. आपल्याकडे वेळ विचारली तर माणूस गाडी सांगतो. सकाळची अमुक लोकल, तिचा अमुक डबा, त्या डब्यातली ठरलेली माणसे, कुणी जागा धरायची, चौथ्या सीटवर कुणी टेकायचे आणि कुर्ल्यानंतर उभे कुणी राहायचे, हे सगळे न लिहिलेल्या करारासारखे वर्षानुवर्षे चालते. माझ्या परिचयाचे नौपाड्यातले एक गृहस्थ ३१ मे रोजी निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा त्रैमासिक पास जुलैपर्यंतचा शिल्लक होता. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात ते पुन्हा नेहमीच्या वेळेला फलाटावर जाऊ लागले. ग्रुपबरोबर दादरपर्यंत जायचे, तिथे उतरून पुलावरून पलीकडे यायचे आणि उलट दिशेच्या रिकाम्या गाडीने ठाण्याला परतायचे. घरी ते ‘पाय मोकळे करायला जातो’ म्हणून सांगत. पास संपला तेव्हा त्यांना खऱ्या अर्थाने निवृत्ती आली. निरोप समारंभात मिळालेले भिंतीवरचे घड्याळ तोवर खोक्यातच होते. (माणसाला वेळ पाहण्याची गरज उरत नाही नेमक्या त्याच दिवशी त्याला घड्याळ भेट देण्याची आपली रीत कुणी सुरू केली, कोण जाणे.)

या अवस्थेचा एक फार बारकाईने केलेला अभ्यास उपलब्ध आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारीएन्टाल नावाचे गाव आहे. तिथली कापडगिरणी १९२९-३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तिथे जाऊन लोकांचे दिवस कसे जातात याची नोंद केली. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली. गावात कामगारांचे वाचनालय होते. लोकांकडे आता वेळच वेळ होता, वाचनालयाने पुस्तकांची फीही रद्द केली होती, तरी घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. रस्त्यावरच्या पुरुषांची चाल मंदावली. थोडे चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, असा त्यांचा क्रम झाला. दिवसभर काय केले असे विचारले, तर सकाळचे उठणे, दुपारचे जेवण आणि रात्रीचे झोपणे यांच्यामध्ये सांगण्यासारखे त्यांना फारसे काही आठवत नसे. ज्या स्त्रियांना घर सांभाळायचे होते, मुलांना वेळेवर जेवू घालायचे होते, त्यांचा दिवस मात्र मोडला नव्हता. त्या गावात दारिद्र्य होते आणि आपल्या निवृत्त माणसाला निवृत्तिवेतन असते, तेव्हा दोन्ही स्थिती सारख्या आहेत असे मी म्हणणार नाही. तरीही ‘वेळ मिळाला की वाचीन’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने मारीएन्टालच्या वाचनालयाची गोष्ट लक्षात ठेवावी. मोकळा वेळ वाढला म्हणजे आवडीचे काम आपोआप वाढते, हा समज तिथे साफ खोटा ठरला.

ठाण्याला हे चित्र तसे परके नाही. वागळे इस्टेटमधले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कितीतरी कारखाने गेल्या काही दशकांत बंद झाले आणि त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पंचेचाळिशीत स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करून घरी बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती थांबत थांबत चालण्याची लकब ओळखीची वाटेल. याहोडा यांनी पुढे असे मांडले की काम माणसाला पगाराखेरीजही पुष्कळ काही देत असते: दिवसाला आकार देते, घराबाहेरच्या माणसांत नेते, आपल्याहून मोठ्या कशात तरी आपला वाटा ठेवते आणि चार लोकांत आपली ओळख टिकवते. पगाराची जागा निवृत्तिवेतन घेते. बाकीच्या गोष्टींची सोय कोणतेही कोषागार करत नाही. नाही म्हणायला नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेवढ्यापुरती सरकार आपली वाट पाहते.

आता थोडे सुट्ट्यांविषयी. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ साली आयुष्यातल्या त्रेचाळीस घडामोडींशी जुळवून घेताना माणसावर किती ताण पडतो, हे गुणांत सांगणारी एक मोजपट्टी तयार केली. जोडीदाराच्या मृत्यूला तीत १०० गुण आहेत, नोकरी जाण्याला ४७, निवृत्तीला ४५, मुलगा किंवा मुलगी घर सोडून जाण्याला २९, घर बदलण्याला २०. पण याच यादीत लग्नाला ५० गुण आहेत, सुट्टीला १३ आणि नाताळाला १२. म्हणजे ज्या गोष्टींसाठी आपण एकमेकांना शुभेच्छा देतो, त्याही शरीराला आणि मनाला जुळवून घ्यायला लावतात. नाताळाच्या जागी आपण गणपती आणि दिवाळी धरावी. एखाद्या माणसाची निवृत्ती, मुलीचे नोकरीसाठी परदेशी जाणे आणि वाशी-नेरुळकडे हल्ली घरोघरी ऐकू येते तसे इमारतीच्या पुनर्विकासासाठी भाड्याच्या घरात जाणे, हे तिन्ही एकाच वर्षात आले, तर बेरीज ९४ होते, आणि यात दुःखाची म्हणावी अशी घटना एकही नसते. हे गुण सरासरीचे आहेत. ज्याला नोकरीचा उबग आला होता त्याला निवृत्ती ४५ गुणांची वाटणार नाही. पण ‘सगळे चांगलेच तर झाले आहे, मग मला असे का होते?’ या प्रश्नाने जे स्वतःलाच दोष देत असतात, त्यांना ही बेरीज करून पाहिल्याने थोडा धीर येतो, असा माझा अनुभव आहे.

सुट्टीविषयी आणखी एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही. घरातल्या बाईची सुट्टी कधी सुरू होते? मे महिन्यात तिचे काम दुप्पट होते, आणि निवृत्तीनंतर जो माणूस दिवसाचे अकरा तास बाहेर असे, तो घरात बसून डब्याऐवजी गरम पोळीची अपेक्षा करू लागतो. पुढे पुढे तो फ्रीज कसा लावावा, दूध किती घ्यावे, कामवालीने भांडी कोणत्या क्रमाने घासावीत यावर मते देऊ लागतो. कार्यालयात ज्याच्या टिपणीवाचून फाइल हलत नसे, त्याची टिपणी आता कोथिंबिरीच्या जुडीवर येते. यात विनोद आहे तसाच त्या बाईवर होणारा अन्यायही आहे. स्वयंपाकघरात मदत जरूर करावी, पण तिथला साहेब होऊ नये.

मग करावे काय? सकाळी सकाळी मोबाइलवर येणारे ‘सकारात्मक राहा’ हे संदेश मला फारसे उपयोगाचे वाटत नाहीत, कारण हुकूम सोडून मन प्रसन्न होत नाही. छंद जोपासा, हा सल्लाही अर्धाच आहे. छंदाला दांडी मारता येते आणि त्याचा जाब कुणी विचारत नाही. ज्या कामाला आपण गेलो नाही तर दुसऱ्या कुणाचे तरी अडते, असे एक काम ठरलेल्या वेळी आणि घराबाहेर असावे, एवढेच माझे सांगणे आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एक छोटा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना त्यांचे निर्णय त्यांनीच घ्यावेत असे सांगून प्रत्येकाला सांभाळायला एक रोप दिले. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपे दिली, पण पाणी घालायचे काम परिचारिकांकडे ठेवले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक तरतरीत आणि आनंदी दिसली. एका कुंडीने इतके होत असेल, तर माणसाने किती व्हावे!

नौपाड्याच्या ज्या गृहस्थांचा मी उल्लेख केला, ते लेखा विभागातून निवृत्त झालेले. पास संपल्यावर काही दिवसांनी शेजारच्या एका मुलाला ते स्पर्धा परीक्षेचे गणित समजावून देऊ लागले. त्या मुलाने त्यांना आपल्या अभ्यासिकेत नेले, आणि आता ते सकाळी दहा ते बारा तिथे एका टोकाच्या बाकावर बसतात. शेकडेवारी, काळ-काम-वेग, सरासरी, ज्याला जे अडेल त्याने ते घेऊन यायचे. एकदा दाढदुखीमुळे ते गेले नाहीत, तर सव्वादहाला एका मुलीचा फोन आला: “काका, आज येताय ना? माझी दोन गणितं राहिलीत.” दाढेवर हात धरून ते गेले. हे सांगताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. निरोप समारंभाच्या छायाचित्रात तो तसा नाही.

अशी कामे शोधायला फार लांब जावे लागत नाही. मे महिन्यात महाविद्यालये बंद असल्याने रक्तदान शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. पासष्ट वर्षांपर्यंतच्या निरोगी माणसाला रक्त देता येते आणि त्याहून अधिक वयाच्या माणसाला शिबिराची नोंदवही सांभाळता येते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालापासून उभे आहे, ते वि. ल. भावे यांच्यासारख्या माणसांनी आपला वेळ घातला म्हणून. आजही गावातल्या कोणत्याही वाचनालयाला पुस्तके लावायला हात हवेच असतात. नवी मुंबईत महापालिकेची विरंगुळा केंद्रे आहेत. तिथे नुसते कॅरम खेळायला जाण्यापेक्षा, ज्यांना एकट्याने बँकेत किंवा दवाखान्यात जाणे जमत नाही, त्यांच्या सोबतीची एक जबाबदारी अंगावर घ्यावी. सोसायटीच्या कमिटीत शिरणे हा निवृत्त माणसाचा आवडता मार्ग आहे. तो वाईट नाही, पण त्यातून मनःशांती मिळाल्याचे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

एक इशारा देणे मात्र आवश्यक आहे. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, कशातच रस न वाटणे, हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर ते ‘सवय होईल हळूहळू’ म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांना भेटावे किंवा केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. आपल्या गावात १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे, आणि त्यावरून ‘ठाण्याला पाठवा’ अशी थट्टा महाराष्ट्रभर चालत आली आहे. त्या थट्टेपायी ठाणेकरानेच उपचार टाळावेत, हे काही बरोबर नाही.

शाळा आपल्याकडे साधारणपणे १५ जूनला उघडतात. त्याच्या एक-दोन दिवस आधी नातवंडे आपापल्या घरी जातात, सून किंवा लेक कामाला लागते, पाऊस सुरू झालेला असल्याने फिरायला जाणे बंद होते, आणि सकाळी नऊच्या सुमारास घरात भांड्यांच्या आवाजाशिवाय काही उरत नाही. निवृत्तीचा पहिला दिवस कागदावर १ जूनला असला, तरी प्रत्यक्षात तो हा असतो. म्हणून ज्यांची नोकरी या आठवड्यात संपते आहे, त्यांनी मधले दोन आठवडे नातवंडांबरोबर मनसोक्त घालवावेत, आंबे खावेत, दुपारी झोपावे. मात्र १५ जूनला सकाळी साडेनऊ वाजता कुठे जायचे आहे, ते आजच ठरवून ठेवावे आणि आपण येणार असल्याचे तिथल्या माणसाला फोन करून सांगून टाकावे. नमस्कार.