अजून नाही झालं का?

नमस्कार श्रोतेहो.

माझं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. वजन कमी करण्यासाठी पोटावर करतात ते, बेरिअॅट्रिक सर्जरी. ते करून बारीक झालेल्या माणसांना तुम्ही ऐकलं असेल, त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो पाहिले असतील. मी त्यांच्यातली नाही. मी वाट पाहणाऱ्यांतली आहे आणि आज त्यांच्याशीच बोलायला आले आहे. उद्या ४ मार्च, जागतिक स्थूलता दिन. वजन कमी कसं करावं हे उद्या पुष्कळ जण सांगतील. पण ऑपरेशन करायचं ठरलंय, डॉक्टर हो म्हणालेत, आणि तरी व्हायला महिने किंवा वर्षं आहेत, तेवढा काळ माणसानं काढायचा कसा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका शाळेत पाचवीला गणित शिकवते. वय ४३. तीन वर्षांपूर्वी, २०२३ च्या उन्हाळ्यात, धंतोलीत एका सर्जनकडे गेले. उंची १५७ सेंटिमीटर, वजन १०४ किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो. माझा ४२ आला. सोबत मधुमेह होता, गोळ्या घेऊनही ताब्यात न येणारा. आणि रात्रीचं घोरणं. डॉक्टर म्हणाले, तुमचं ऑपरेशन व्हायला हवं.

मला रडू आलं होतं, ते सुटका झाल्यासारखं वाटून. वीस वर्षं मी वजन कमी करत आले होते. दर वेळी आठ-दहा किलो उतरायचं आणि वर्षभरात त्याहून जास्त चढायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणीतरी समजावून सांगितलं की यात माझा आळस नव्हता. वजन उतरलं की शरीर घाबरतं, दुष्काळ पडला असं समजतं. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जास्त पाझरतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं, आणि शरीर कमी खाण्यावर भागवायला शिकतं. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा जवळजवळ ७५ ते ८० टक्के भाग काढतात. त्यात घ्रेलिन तयार करणारा भागही जातो. म्हणजे पोट लहान होतं, आणि त्याबरोबर मेंदूला जाणारा भुकेचा निरोपही बदलतो.

मग पैशांचा प्रश्न आला. सरकारी दवाखान्यात नंबरची वाट, खासगीत पैशांची. आमच्याकडे विमा नव्हता. एका कंपनीनं माझं वजन पाहूनच अर्ज परत केला. दुसरीनं जादा हप्ता लावून पॉलिसी दिली, पण आधीपासूनच्या आजारांना आणि या ऑपरेशनला तीन वर्षं थांबायचं, या अटीवर. ही पॉलिसी जून २०२३ ची. म्हणजे येत्या जूनमध्ये तीन वर्षं पूर्ण होतील.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. अर्जात वजन, शुगर, बीपी, सगळं खरं लिहा. एजंट म्हणेल, ताई, थोडं कमी लिहू. लिहू देऊ नका. दाव्याच्या वेळी तेच कारण काढून पैसे नाकारले जातात, आणि तोवर तुमची तीन वर्षं गेलेली असतात.

आता त्या तीन वर्षांबद्दल. पहिले पाच महिने मी काय केलं, तर निरोप घेतले. खाण्याचे निरोप. ऑपरेशननंतर आपल्याला काही खाता येणार नाही, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग शनिवार आला की महाल भागात सावजीच्या झणझणीत जेवणाला. मनात एकच, आता किती वेळा खायला मिळणार! सकाळी शाळेत जाताना तर्री पोहे, वरून चणे, वरून आणखी तर्री, कारण पुढच्या वर्षी हे नसेल. संत्रा बर्फी. पाटोडी. आईच्या हातचा वडाभात, तोही दोनदा वाढून घेतला, आणि जेवताना डोळे भरून आले. ऑपरेशनला अजून अडीच वर्षांहून जास्त होती आणि मी रोज शेवटचं जेवत होते. पाच महिन्यांत १०४ चे १०९ झाले. शुगर आणखी चढली.

ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. पुढे ओपीडीच्या बाकावर माझ्यासारख्यांशी ओळखी झाल्या तेव्हा कळलं, जवळजवळ प्रत्येकानं हे केलं होतं. कामठीहून येणाऱ्या एका दादांनी तर यादीच केली होती, कुठे कुठे जाऊन काय काय खायचं राहिलंय त्याची. श्रोतेहो, तुम्ही वाट पाहत असाल आणि असं करत असाल, तर लाजू नका. पण आपल्या आहारतज्ज्ञांना सांगा. मी सांगितलं तेव्हा त्या ताई रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलावरची एक छोटी वाटी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "पोहे कुठे जात नाहीयेत. पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ, आणि मग तुम्ही पोहे खाल, एवढे. तेव्हा याच वाटीत पोट भरावं म्हणून आपण आता सराव करायचा."

तो सराव मला तगवून गेला. तो असा होता. जेवण वीस मिनिटं पुरवायचं. लहान चमचा. एकेक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. ऐकायला सोपं वाटतं. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, दुपारी जेवून अर्धा तास पाण्याशिवाय बसून पाहा. मला जमायला दोन महिने लागले. पण ऑपरेशननंतर हे एका दिवसात शिकावं लागतं, टाके ओले असताना. आता ते माझ्या अंगवळणी पडलंय. ताटात आधी प्रथिनं खायची, हेही तेव्हाच शिकले. ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं तरी पोटात जायला हवीत, आणि एका अंड्यात असतात ६. दही, पनीर, मुगाचं धिरडं, घट्ट वरण, चिकन, असं जोडत जोडत बेरीज करावी लागते. पाचवीच्या मुलांकडून मी बोटांवर मोजून बेरजा करून घेते, घरी स्वतः तेच करते.

मग एक वेगळीच भीती मनात शिरली. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत या ऑपरेशनसाठी वय १८ किंवा जास्त आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. मी हिशेब केला. माझ्या उंचीला ४० म्हणजे ९८.६ किलो. सरावानं वजन उतरू लागलं होतं, १०९ चं १०१ झालं. आणि मला आनंद होण्याऐवजी धडकी भरली. ९८ वर गेले तर विमा नाही म्हणेल का? तीन वर्षं फुकट जातील का? एक आठवडा मी मुद्दाम जास्त खाल्लं. हे सांगताना आजही गळा दाटतो. वजन कमी व्हावं म्हणून थांबलेली बाई, वजन कमी होईल म्हणून घाबरलेली.

डॉक्टरांनी त्या अटींचं पुढचं वाक्य वाचून दाखवलं. ताब्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार असेल, तर मर्यादा ३५ ची आहे. मला त्यातले दोन होते. शिवाय इतर उपाय करूनही उपयोग झाला नाही, हे दाखवावं लागतं, त्यामुळे प्रयत्न केल्याची नोंद उलट उपयोगाची. तेव्हापासून मी एक फाइल ठेवली आहे. प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक वजन, प्रत्येक रिपोर्ट, तारखेनुसार. तुमची भीती माझ्यासारखीच असेल, तर पॉलिसीचा कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि ओळ न् ओळ विचारा. एकट्यानं रात्री हिशेब करत बसू नका.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर झोपेबद्दल सांगते, कारण या तीन वर्षांत मला सगळ्यात जास्त काही मिळालं असेल तर ती झोप. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत झोपेचीही एक तपासणी असते. त्यात दिसलं की झोपेत माझा श्वास तासात कितीतरी वेळा अडकतो. घसा मिटतो, प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागं करतो, आणि हे रात्रभर चालतं. सकाळी डोकं जड, दुपारी वर्गात उभ्या उभ्या डुलकी. मी समजत होते की जाड माणसाला थकवा यायचाच. डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलं. नाकावर मास्क, त्यातून हवेचा सतत हलका दाब, त्यामुळे घसा उघडा राहतो. पहिल्या रात्री वाटलं, कोणी तोंडावर हात ठेवलाय. काढून फेकलं. बारा रात्री अशाच गेल्या. मग दुपारी जागेपणीच, टीव्ही पाहताना, मास्क लावून बसायची सवय केली. तेराव्या रात्री पहाटे जाग आली तेव्हा खिडकीत उजाडलं होतं आणि माझं डोकं हलकं होतं. असं शेवटचं कधी उठले होते, आठवेना. तुमच्या घरात कोणी जोरात घोरत असेल आणि मध्येच घोरणं थांबून मग गचका देऊन श्वास घेत असेल, तर ऑपरेशन असो वा नसो, तपासणी करून घ्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे आधी कळणं फार गरजेचं असतं.

बाकीच्या तपासण्या भराभर सांगते. एन्डोस्कोपी, पित्ताशयाची सोनोग्राफी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व. काही कमी असेल तर ते याच काळात भरून काढायचं. मानसोपचारतज्ज्ञांची भेटही असते. तिला परीक्षा समजू नका, मन मोकळं करा. आणि तंबाखू. आपल्या नागपुरात खर्रा घोटल्याशिवाय दिवस उजाडत नाही अशी कितीतरी माणसं आहेत. ते कामठीचे दादा त्यांतलेच. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, आत व्रण होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्यांची तारीख पुढे ढकलली. ते चिडले, दोन महिने आले नाहीत. मग आले, खिशात खर्र्याच्या पन्नीऐवजी भाजलेली बडीशेप घेऊन. त्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं.

वजनासाठीची आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं २०२५ मध्ये आपल्याकडे आली. वाट पाहताना काहींना ती उपयोगी पडतात, पण डॉक्टरांनी दिली तरच. घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगा, कारण त्यांमुळे अन्न जठरात जास्त वेळ राहतं. भुकट्या, काढे, पंधरा दिवसांत दहा किलोच्या जाहिराती, यांच्यावर मी माझ्या तरुणपणी पैसे आणि तब्येत दोन्ही घालवले आहेत. तुम्ही घालवू नका.

चालणं मी पहाटे साडेपाचला करते. ऊन टाळायला, आणि खरं सांगायचं तर लोकांच्या नजरा टाळायलाही. फुटाळा तलावाच्या काठानं एकदा संध्याकाळी चालले होते, दोन पोरं मागून हसली, मग महिनाभर बाहेर पडले नाही. आता आमच्या गल्लीत चालते, दहा मिनिटांनी सुरुवात केली होती, आज चाळीस होतात. गुडघे दुखले त्या दिवशी कुलरसमोर खुर्चीत बसून हातापायांचे व्यायाम. काहीच करावंसं वाटत नाही, असेही दिवस येतात. ते लागोपाठ येऊ लागले, झोप-भूक उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं. मी एकदा रात्री केला होता फोन.

आणि घरचे. वाट पाहणाऱ्याच्या घरच्यांनो, तुमच्याशी दोन शब्द. माझ्या सासूबाई काटोलकडच्या. सुरुवातीला म्हणायच्या, "पोरी, ऑपरेशन कायले? जेवण कमी कर नं." त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना पोट कापण्याची भीती वाटत होती. मी त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत नेलं. त्यांनी विचारायचं ते सगळं विचारलं. तेव्हापासून जेवताना त्या माझ्यासोबत वीस मिनिटं बसतात, मला एकटीला चावत बसावं लागू नये म्हणून.

नातेवाईक, शेजारी, शाळेतल्या बाया, सगळे भेटले की एकच विचारतात: अजून नाही झालं का? त्यात काळजी असते, मला कळतं. पण ज्याच्या हातात तारीख नाही, त्याला दर वेळी नाही म्हणावं लागतं, आणि ते नाही दिवसभर सोबत राहतं. सासूबाईंनी हा प्रश्न विचारणं सोडलंय. सकाळी चहा ठेवताना त्या विचारतात, "लागली का वं झोप?" मशीनच्या छोट्या पडद्यावर रात्रीचे तास दिसतात, ते मी त्यांना वाचून दाखवते. आज सकाळी होते सहा तास चाळीस मिनिटं.

नमस्कार.