कोयनेच्या बांधावरचा कोपरा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसर हादरला. १०३ मीटर उंच बांध टिकला, पण त्याच्या दोन्ही तोंडांवर आडव्या भेगा पडल्या. बहुतेक भेगा एकाच पातळीजवळ होत्या: पायापासून सुमारे ६६.५ मीटरवर, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो.

पडद्यावर आहे बांधाचा उभा छेद. माथा १४.८ मीटर रुंद, पाया सुमारे ७०, आणि भेगांच्या पातळीला मान जेमतेम १९. यातला प्रत्येक बिंदू किती सरकेल, कुठे किती स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचं आतलं बल) येईल, हा स्थितिस्थापकतेतला सीमामूल्य प्रश्न, म्हणजे कडांवरच्या अटींवरून आतलं उत्तर काढण्याचा. समीकरणं सगळ्या बांधांना तीच; फरक पडतो तो कडांमुळे. पायाशी विस्थापन शून्य. पाण्याकडे खोलीबरोबर वाढणारा दाब, ९१.७५ मीटर पाण्याच्या तळाशी सुमारे ०.९ मेगापास्कल. मागची कड आणि माथा मोकळे.

अशा आकाराला तयार सूत्र नाही. म्हणून छेदाचे छोटे तुकडे (एलिमेंट) करायचे: फायनाइट एलिमेंट पद्धत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीत अनिल चोप्रा आणि सहकाऱ्याने कोयनेचं गणित असंच केलं आणि उतार बदलतो तिथे मोठा ताण दिसला.

तुकडे म्हणून तीन नोडचे (तुकडे जोडणाऱ्या बिंदूंचे) त्रिकोण टाळावेत. त्यांच्यात स्ट्रेन (दर लांबीमागचा आकारबदल) एकसारखाच राहतो, त्यामुळे वाकणारी मान आहे त्याहून ताठ भासते. आठ नोडचे चौकोन बरे. भूकंप लावण्याआधी नुसत्या पाण्यावर मॉडेल चालवा आणि पायाच्या आडव्या प्रतिक्रियांची (पाया उलट देतो त्या बलांची) बेरीज करा: बांधाच्या दर मीटर लांबीला सुमारे ४१,३०० किलोन्यूटन यायला हवी. आली नाही, तर दाब भलत्याच कडेवर लागलाय किंवा एककांचा घोळ आहे. मॅट्रिक्स सिंग्युलर (समीकरणांना एकमेव उत्तर नाही) म्हणून गणित अडलं, तर बहुधा पाया आडवा सरकायला मोकळा राहिलाय.

आता उतार बदलतो तो कोपरा. मेश (तुकड्यांची जाळी) बारीक करत गेलं की इतरत्र स्ट्रेसचे आकडे स्थिरावतात. इथला चढतच राहतो. काँक्रीटच्या आतून मोजलेला कोन सुमारे २१० अंश आहे, आणि १८० च्या वर गेलेल्या अशा, गोलाई न दिलेल्या कोनात स्थितिस्थापकतेचा सिद्धांतच अनंत स्ट्रेस सांगतो. संशोधक विल्यम्स यांनी १९५२ साली हे कोनागणिक मांडलं. २१० अंशांना हिशोब असा: एलिमेंट निम्मं केलं की आकडा सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. २ मीटरवरून पाव मीटरवर आलात की दोन तृतीयांशाने. तो आकडा काँक्रीटच्या ताणक्षमतेशी ताडून पाहणाऱ्या अहवालात बांधाबद्दल काहीच नसतं, फक्त कोणी किती बारीक मेश घेतली ते असतं.

त्याऐवजी मानेच्या आडव्या छेदावरचे स्ट्रेस बेरजेत घेऊन अक्षीय बल (छेदाला काटकोनात दाबणारं वा ओढणारं) आणि नमन आघूर्ण (वाकवणारा जोर) काढा. ती मेशवर फारशी हलत नाहीत. भेग किती आत जाईल हे हवं असेल, तर काँक्रीटची भंगऊर्जा (भेगेच्या दर क्षेत्रफळाला लागणारी ऊर्जा) द्यावी लागते, आणि ती एलिमेंटच्या रुंदीशी जुळवून. नाहीतर मेश बदलली की भेगेची लांबीही बदलते.

पाण्याकडच्या टाचेशीही, म्हणजे बांध जमिनीला भेटतो त्या कोपऱ्यातही, हाच त्रास. पायाखालचा खडक मॉडेलमध्ये घेतला म्हणून तो सुटत नाही. तिथे कोन २७० अंशांचा होतो आणि आकडा आणखी वेगाने चढतो.