दोन देशांमधला सांधा

मित्रहो, दोन देशांचं संशोधन सहकार्य म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो सह्यांचा फोटो. दोन झेंडे, दोन मंत्री आणि टेबलावर सामंजस्य करार. मला आज त्या सहीनंतरच्या कामाबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात करायची आहे एका धातूच्या कड्यापासून.

१७ जुलै १९७५ रोजी अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयुझ ही यानं अवकाशात एकमेकांना जोडली गेली. त्याआधीच्या रचनेत एका यानाचा दांडा दुसऱ्याच्या शंकूत शिरायचा. म्हणजे दोन्ही बाजू वेगळ्या, आणि कोणी काय व्हायचं हे आधीच ठरलेलं. दोन्हीकडच्या अभियंत्यांनी मिळून नवा सांधा आखला. त्यात दोन्ही कडी एकाच धाटणीची होती, कोणतंही यान पुढाकार घेऊ शकेल अशी. यात मानपान सांभाळला गेलाच, पण संकटात सापडलेल्या यानाच्या मदतीला दुसऱ्याला जाता यावं, हा हेतूही त्यामागे होता.

मग हवेचा प्रश्न. अपोलोत वातावरणाच्या सुमारे एक तृतीयांश दाबाचा शुद्ध प्राणवायू असायचा, सोयुझमध्ये आपण श्वास घेतो तशी नेहमीची हवा. मधलं दार थेट उघडलं असतं, तर दाब एकदम उतरून सोव्हिएत अंतराळवीरांच्या जिवावर बेतलं असतं. म्हणून अमेरिकेने मधे एक छोटी खोली बांधली आणि सोव्हिएत बाजूने आपल्या यानातला दाब कमी केला. भाषेची तोड तर मला फार आवडते. अमेरिकन रशियनमध्ये बोलले, रशियन इंग्रजीत. परक्या भाषेत बोलणारा सावकाश आणि सोपं बोलतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर त्याची स्वतःची भाषा पडते.

सांधा हा असा असतो. तो दोघांनाही थोडं अवघडायला लावतो.

दुसरं उदाहरण पोलिओच्या लशीचं. १९५५मध्ये साल्क यांची टोचायची लस आली आणि अमेरिकेत ती लाखो मुलांना दिली गेली. त्यामुळे आल्बर्ट साबिन यांच्या तोंडावाटे द्यायच्या लशीची मोठी चाचणी तिथे घेणं अवघड होऊन बसलं. सोव्हिएत संघात पोलिओच्या साथी वाढत होत्या, आणि लस बनवून दूरदूरच्या मुलांपर्यंत पोचवणारी यंत्रणाही होती. १९५६मध्ये मिखाईल चुमाकोव्ह आणि मरीना व्होरोशिलोव्हा हे सोव्हिएत विषाणूतज्ज्ञ अमेरिकेला भेट देऊन गेले, पुढे साबिन यांनी लस ज्यांपासून बनते ते आपले विषाणूंचे वाण त्यांना दिले. शीतयुद्ध ऐन भरात असताना! १९५९मध्ये सोव्हिएत संघात एक कोटीहून अधिक जणांना ही लस मिळाली. पण त्या आकड्यांवर अमेरिकेत विश्वास कोण ठेवणार? तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने येल विद्यापीठाच्या डोरोथी हॉर्स्टमन यांना पाहणीला पाठवलं. चाचण्या नीट झाल्याचं त्यांनी सांगितलं, आणि १९६१पासून अमेरिकेतही या लशीला परवाने मिळू लागले. एकाकडे वाण, दुसऱ्याकडे यंत्रणा, आणि मधे दोघांनाही मान्य असलेली तिसरी व्यक्ती. करार लिहिणारे या तिसऱ्या व्यक्तीला हमखास विसरतात.

करारातून बाहेर कसं पडायचं, हेही लिहून ठेवावं लागतं. कॉनकॉर्ड या आवाजाहून वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानासाठी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी नोव्हेंबर १९६२मध्ये केलेल्या करारात ते कलमच नव्हतं. दोन वर्षांनी ब्रिटनच्या नव्या सरकारला प्रकल्प सोडावासा वाटला, पण सोडता येईना. विमान अप्रतिम झालं, हे मान्य. विकलं मात्र फारसं गेलं नाही. याउलट अमेरिका आणि इस्रायल यांनी १९७७मध्ये उभारलेला ‘बर्ड’ हा निधी पाहा. दोन्ही देशांतल्या एकेका कंपनीच्या जोडीलाच पैसे मिळतात, आणि वस्तू बाजारात चाललीच नाही तर परतफेड मागितली जात नाही. अपयशाची सोय आधीच केलेली आहे, म्हणून लोक धाडस करतात.

शेवटी निसार. अमेरिका आणि भारत यांच्या, पृथ्वीची पाहणी करणाऱ्या या उपग्रहावर वेगवेगळ्या तरंगलांबीची दोन रडार आहेत. एल-बँडचं नासाचं, एस-बँडचं इस्रोचं, आणि दोन्हींसाठी १२ मीटर व्यासाची एकच अँटेना. उपग्रह भारतात जवळजवळ तयार असताना, या अँटेनाचा परावर्तक, म्हणजे रडारच्या लहरी परतवणारा भाग, प्रमाणाबाहेर तापण्याची शक्यता दिसली. तेव्हा तो विशेष लेप देण्यासाठी पुन्हा कॅलिफोर्नियाला नेण्यात आला. ठरलेली तारीख हुकली, पण तारखेसाठी कोणी शंका गिळून टाकली नाही, याचं मला मोल वाटतं. ३० जुलै २०२५ रोजी उपग्रह श्रीहरिकोटाहून झेपावला. करार झाला होता सप्टेंबर २०१४मध्ये. जवळपास अकरा वर्षं. संयुक्त प्रस्ताव घेऊन येणाऱ्या तरुण संशोधकांना तीन वर्षांत निकाल दाखवा म्हणणाऱ्या निधी समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिलं वर्ष त्यांना एकमेकांच्या प्रयोगशाळेत नुसतं जाऊन राहायला द्या, आणि त्याचे पैसेही द्या.