सोपटातला धागा

(माहितीपटाचं निवेदन. मुलाखतींचे तुकडे यात धरलेले नाहीत.)

[रावेरकडचं केळीचं रान, सकाळ. घड ट्रकवर चढतायत.]

घड निघाले. इथून रावेर-सावद्याला, तिथून दिल्लीला. केळीची गोष्ट बहुतेक वेळा या ट्रकबरोबरच गाव सोडते. आपण रानातच थांबू.

[घड कापलेली खोडं, एका रांगेत.]

केळ एकदाच विते. घड उतरला की खोडाचं काम संपलं. पुढचा घड बुडाशी वाढणारं पील देणार. पाच बाय पाच फुटांवर लागवड असली, तर एकरात १,७०० च्या वर खोडं उभी असतात. वजन धरा २५-३० टन. त्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग वेगळ्या दिवसांत निघते, थंडीच्या तोंडावर लावलेली कांदेबाग वेगळ्या, त्यामुळे एक ढीग संपेपर्यंत दुसरा तयार. ओलं खोड पऱ्हाटीसारखं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडासारखं, पेटत नाही. वाहून टाकायचं तर मजुरी आणि ट्रॅक्टरचं भाडं आपल्याच खिशातून. मग ते बांधावर पडतं, नाहीतर नाल्यात.

[कोयता. खोड उभं चिरलं जातंय. सोपटं सुटतायत.]

या खोडात लाकूड नाही. पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळलेत, बस. एकेक थर म्हणजे सोपट. फुलवाले हार बांधायला जे वापरतात, तेच. बाहेरची सोपटं राठ, त्यांचा धागा तपकिरी आणि जाड. आत जावं तसा तो पांढरा आणि मऊ होत जातो. अगदी मधला गाभा यंत्रात घालत नाहीत.

[यंत्र सुरू. आवाज पूर्ण ठेवावा, मग निवेदन.]

यंत्र दिसायला साधं आहे. पुढे दोन रूळ, मागे बोथट पात्यांचा गरगरणारा ढोल. सोपट रुळांत धरलं की ढोल त्याचा गर खरवडून काढतो. कापत नाही, पाती धारदार असती तर धागाच तुटला असता. अर्धं सोपट आत जातं, बाहेर ओढतात, उलटं धरतात, उरलेलं अर्धं आत. खाली रस गळतो, मागे लगदा उडतो, आणि चालवणाऱ्याच्या हातात राहते ही झिपरी.

[झिपरी झटकली जाते. हळू गतीत.]

खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्यामुळे १०० किलो खोडामागे सुका धागा साधारण एक किलो. आकडा ऐकून हिरमुसू नका, उरलेल्या नव्याण्णवाकडे येतोच आहोत.

धागा लगेच धुवावा लागतो. चीक राहिला की तो काळवंडतो. मग विंचरून दोरीवर. मे महिन्यातलं खानदेशी ऊन इथे कामाचं नाही, त्यानं धागा पिवळा पडतो, सावलीच बरी.

[दोऱ्यांवर वाळणारा धागा, लांबून.]

याचे दोर होतात, चटया होतात, हातकागद होतो, सॅनिटरी पॅडमध्ये शोषक थर होतो. जपानच्या नोटांचा कागद मित्सुमाता नावाच्या झुडपाची साल आणि अबाका यांपासून बनतो. अबाका ही केळीचीच फिलिपिन्समधली बहीण. घरच्या केळीला मात्र अजून नाला.

[रसाचा टब. मागे लगद्याचा ढीग.]

आता नव्याण्णव. केळ पालाशाची, म्हणजे पोटॅशची, खादाड, आणि तो पालाश घडाबरोबर सगळा जात नाही. खोडात बराच उरतो. नंदुरबारची हद्द ओलांडली की गुजरात. तिथल्या नवसारी कृषी विद्यापीठानं याच रसापासून द्रव खत बनवलं, लगद्याचं गांडूळखत केलं, गाभ्याची कँडीसुद्धा केली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते फळाला. खोडाचा विचार शेजाऱ्यानं आधी केला, हे बोचायला हवं.

[हाताचा, शर्टाचा जवळून शॉट. काळे डाग.]

केळीच्या रानात काम करणाऱ्याला कपड्यावरून ओळखावं. चिकातली टॅनिनसारखी द्रव्यं हवा लागली की काळी पडतात आणि सहजी निघत नाहीत.

[नाल्याकाठची बाभळ. साल कुटली जातेय.]

टॅनिन कामाला कसं लावायचं, हे बाभळीच्या सालीनं आपल्या लोकांना कधीच शिकवलंय. साल कुटायची, पाण्यात भिजत घालायची, रंग उतरू द्यायचा. त्या लाल पाण्यात कातडं ठेवलं की टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना पकडून बसतं आणि कातडं कुजत नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं आजही बाभळीच्या साली-हिरड्यावर कमावतात. बाकी बाजार क्रोमच्या रसायनानं कमावलेल्या चामड्यानं घेतला. एक सांगून ठेवायला हवं. उभ्या झाडाची साल चहूबाजूंनी सोलली तर झाड मरतं. ही साल तोडलेल्या बाभळीची आहे.

[पऱ्हाटीनं भरलेली ट्रॉली.]

आणि पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की ती लवकर उपटलेली बरी, कारण राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. चुलीपुरती घरी, उरलेली काडी लावून मोकळं. मुंबईतल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवलंय. भुगा दाबून पांढरा कोळसा होतो, तो बॉयलरला जातो.

[पुन्हा यंत्र. दोघे जण सोपटं पुरवतायत.]

अडचणी आहेत. वीज दिवसा मिळेलच असं नाही, ढोलाजवळ हात सांभाळावा लागतो, धाग्याचा भाव घेणारा ठरवतो, आणि खोड रानातून नेलं तर लगदा रानात परत टाकावाच लागतो. म्हणून यंत्र आणण्याआधी घेणारा गाठा. पाच-सात जणांनी मिळून एकच यंत्र घ्या. आणि खोड कापलं त्याच दिवशी यंत्रावर घाला, शिळ्याचा धागा काळा येतो.

[श्रेयनामावली. यंत्राचा आवाज चालू.]